डोक्याला खुराक : एकोणीस सोंगट्या, अडतीसची बेरीज



या खेपेच्या कोड्याचे साहित्य तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी, नाहीतर मंडळाच्या खोलीत आयतेच पडलेले आहे. कॅरमचा डाव मांडताना आपण काय करतो ते डोळ्यांपुढे आणा. मधोमध लाल राणी. तिला खेटून सहा सोंगट्या. त्या सहांना खेटून आणखी बारा. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी, मिळून एकोणीस. मांडणी घट्ट केली आणि वरून नीट पाहिले, तर बाहेरच्या बारा सोंगट्यांना सहा कोपरे आणि सहा बाजू दिसतात. म्हणजे हा गोल नव्हे, षट्कोन आहे. सारख्या चकत्यांचा हा स्वभावच आहे. रुपयाच्या एका नाण्याभोवती त्याच छापाची नाणी लावून बघा. बरोबर सहा बसतात, सातवे शिरत नाही आणि सहांमध्ये फट राहत नाही. मधमाशीच्या पोळ्यातही एका घराला सहाच शेजारी असतात.

आज या एकोणीस घरांत आकडे बसवायचे आहेत. आकडा हा शब्द ऐकून कोणाचे कान टवकारले असतील, तर आधीच सांगून ठेवतो. हा लावायचा आकडा नव्हे, बसवायचा आहे. लावणारा नशिबाकडे बघतो, बसवणारा वजाबाकी करतो. आपल्या वस्त्यांमध्ये पहिल्या प्रकारच्या आकड्याने किती पगार घरी पोहोचण्याआधीच संपले, ते आम्ही नव्याने सांगायला नको.

साहित्य असे. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूच्या एकोणीस चिठ्ठ्या कापा, त्यांवर १ ते १९ आकडे ठळक लिहा. चिठ्ठी सोंगटीवर ठेवली की झाले. कॅरम नसेल तर शर्टाची बटणे घ्या, बाटल्यांची बुचे घ्या. वहीच्या कागदावर खोडरबर घेऊन बसलात तरी अडत नाही. पण चिठ्ठ्या सरकवण्यात जी गंमत आहे ती खोडण्यात नाही, शिवाय तीन-चार डोकी एकाच वेळी वाकून बघू शकतात.

पट असा मांडायचा. प्रत्येक घराला आम्ही एकेक अक्षर दिले आहे, म्हणजे पुढे बोलायला सोपे जाईल.

      क   ख   ग
    घ   च   छ   ज
  ट   ठ   ड   ढ   त
    थ   द   ध   न
      प   फ   ब

मधले ड हे राणीचे घर. क, ग, त, ब, प, ट ही सहा कोपऱ्याची घरे. दोन कोपऱ्यांच्या मधली ख, ज, न, फ, थ, घ ही कडेची घरे. आणि राणीला चिकटलेली च, छ, ढ, ध, द, ठ ही आतली घरे. एवढे ध्यानात राहिले की पुढचे सर्व समजते.

आता नियम. १ ते १९ हे सर्व आकडे वापरायचे, प्रत्येक आकडा एकदाच, आणि एकही घर रिकामे ठेवायचे नाही. कोणतीही सरळ ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजली, तर तिची बेरीज ३८ आली पाहिजे. ओळीत तीन घरे असोत, चार असोत वा पाच, बेरीज ३८ च. ओळी तीन दिशांनी जातात. एक आडवी, म्हणजे क-ख-ग किंवा ट-ठ-ड-ढ-त. दुसरी उजवीकडून डावीकडे तिरपी उतरणारी, म्हणजे क-घ-ट, ख-च-ठ-थ किंवा ग-छ-ड-द-प. तिसरी डावीकडून उजवीकडे तिरपी उतरणारी, म्हणजे ग-ज-त, ख-छ-ढ-न किंवा क-च-ड-ध-ब. प्रत्येक दिशेला पाच, मिळून पंधरा ओळी. उभी ओळ या पटावर नाही. ख पासून खाली सरळ रेघ मारली तर ती घरांच्या सांध्यांतून जाते, म्हणून ती धरायची नाही. नवखे लोक इथे हमखास घोटाळा करतात.

वर्तमानपत्रात सुडोकू सोडवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तिथे आकड्यांची बेरीज करायची नसते. आकड्यांऐवजी फुले, पाने, पक्षी काढले तरी सुडोकू सुटेल. इथे आकड्याला आकड्याची किंमत आहे.

३८ च का, हा प्रश्न घरातील चौथी-पाचवीतल्या मुलाला जरूर पडू द्या. उत्तर त्याच्याकडूनच काढून घ्या. १ आणि १९ मिळून २०. २ आणि १८ मिळून २०. ३ आणि १७ मिळून २०. अशा नऊ जोड्या लागतात, त्यांचे १८०. मध्ये १० एकटा उरतो. एकूण १९०. आडव्या ओळी पाच आहेत आणि त्यांत एकोणीसही घरे एकेकदा येतात. १९० भागिले ५ बरोबर ३८. ही बेरीज आम्ही ठरवलेली नाही, कोणीच ठरवलेली नाही. भागाकाराने ती ठरली आहे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की या आकृतीला इंग्रजीत जादूचा षट्कोन म्हणतात, आणि जादू हा शब्द आला की आपल्याकडे लगेच कोणीतरी दुकान मांडून बसतो. याचा थोरला भाऊ म्हणजे जादूचा चौकोन. तीन बाय तीनचा, ज्याची बेरीज १५ येते, तो पुष्कळांनी पाहिला असेल. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार बाय चारचा एक कोरलेला आहे, त्याची बेरीज ३४. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात असे चौकोन भरण्याच्या रीती दिलेल्या आहेत, आणि त्या प्रकरणाला त्यांनी भद्रगणित असे नाव दिले आहे. म्हणजे विषय अभ्यासाचा होता. आज बाजारात तोच चौकोन तांब्याच्या पत्र्यावर ठोकून यंत्र म्हणून विकतात, आणि घरात लक्ष्मी टिकेल असे सांगतात. १ ते ९ ची बेरीज ४५, ओळी ३, म्हणून १५. १ ते १६ ची बेरीज १३६, ओळी ४, म्हणून ३४. यापलीकडे त्या पत्र्यात काही नाही. लक्ष्मी टिकते ती विकणाऱ्याच्या घरी.

असो. आता चिठ्ठ्या हातात घेतल्यावर पहिला मोह असा होतो की बसवून बघू, कधीतरी जमेल. किती वेळा बसवाल? एकोणीस चिठ्ठ्या एकोणीस घरांत मांडण्याचे प्रकार १,२१,६४,५१,००,४०,८८,३२,००० इतके आहेत. दर सेकंदाला एक मांडणी, न झोपता, न जेवता, असे धरले तरी सगळ्या मांडून बघायला सुमारे ३८५ कोटी वर्षे लागतील. आणि एवढ्यांपैकी बरोबर किती? फक्त बारा.

तरीही एका माणसाने हे केले, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही.

अमेरिकेत क्लिफर्ड ॲडम्स नावाचे गृहस्थ होते. प्राध्यापक नव्हेत, गणिताची मोठी पदवी घेतलेले नव्हेत. रेडिंग रेलरोड या रेल्वे कंपनीच्या मालवाहतुकीच्या हिशेबाच्या कचेरीत ते कारकून होते. १९१० साली त्यांना या षट्कोनाचा नाद लागला. १ ते १९ आकड्यांच्या चिनी मातीच्या फरशांचा संच त्यांच्याकडे होता, आणि कामातून सवड मिळाली की त्या फरशा मांडायच्या, बेरजा करायच्या, मोडायच्या, पुन्हा मांडायच्या, असे चालले. पहिले महायुद्ध झाले, दुसरे झाले. ॲडम्स सेवेतून निवृत्त झाले. फरशा चालूच. १९५७ साली एका शस्त्रक्रियेनंतर ते रुग्णालयात पडून होते, आणि तिथे अंथरुणावर त्यांना उत्तर सापडले. सत्तेचाळीस वर्षांनी! त्यांनी ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवले.

आणि घरी येताना तो कागद हरवला.

दुसरा कोणी असता तर डोके धरून बसला असता. ॲडम्स पुन्हा फरशा घेऊन बसले. एकदा जुळलेली मांडणी आठवून आठवून जुळवू पाहत होते, पण पाच वर्षे ती जुळली नाही. शेवटी १९६२ च्या डिसेंबरात तो हरवलेला कागदच सापडला. मग त्यांनी ती आकृती मार्टिन गार्डनर यांच्याकडे पाठविली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात गार्डनर अनेक वर्षे गणिताच्या गमतीजमतींचे सदर चालवीत. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत मास्तरकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, ज्यांचा ६१७४ हा अंक प्रसिद्ध आहे, त्यांच्यावर याच सदरात मार्च १९७५ मध्ये लेख आला आणि कापरेकरांचे नाव जगभर गेले. रेल्वेचा कारकून असो की देवळालीचा मास्तर, टपालाने आलेला कागद त्या माणसाने केराच्या टोपलीत टाकला नाही.

ॲडम्स हे उत्तर शोधणारे पहिले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत स्ट्राल्सुंड येथील एर्न्स्ट फॉन हासेलबर्ग यांनी १८८७ सालीच ते काढले होते, आणि आयल ऑफ मॅन बेटावरील राडक्लिफ यांनी १८९५ साली. यांपैकी कोणाची वार्ता ॲडम्स यांना नव्हती. मग त्यांची सत्तेचाळीस वर्षे फुकट गेली का? आमच्या मते नाही. ज्याचे उत्तर आहे की नाही हेही कोणी सांगितलेले नाही, अशा प्रश्नाला कारकुनी सांभाळून एवढी वर्षे धरून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यांची वाट मात्र तुम्ही धरू नका. त्यांची चिकाटी घ्या आणि तिला थोडा विचार जोडा, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचे काम एका दुपारचे होईल. कसे ते आता पाहू.

पहिली गोष्ट लहान आकड्यांची. कोपऱ्याचे घर तीन घरांच्या दोन ओळींत येते. समजा १ कोपऱ्यात ठेवला. मग त्या ओळीतील बाकीच्या दोघांची बेरीज ३७ हवी, आणि ३७ फक्त १८ आणि १९ यांनी होते. एक ओळ झाली. दुसऱ्या ओळीला पुन्हा ३७ हवेत, ते कुठून आणणार? म्हणून १ कोपऱ्यात बसूच शकत नाही. २ चेही तसेच. त्याला ३६ हवेत, ते १७ आणि १९ यांनीच होतात, कारण १८ दोनदा घेता येत नाही. ३ ला मात्र ३५ हवेत. ते १६ आणि १९ यांनी होतात, तसेच १७ आणि १८ यांनीही होतात. दोन वेगळ्या जोड्या मिळाल्या, म्हणून ३ कोपऱ्यात बसू शकतो, अगदी काठावर. एकही चिठ्ठी न हलवता आपल्याला एवढे कळले. लहान आकडे आत, लांब ओळींच्या आश्रयाला जाणार.

दुसरी गोष्ट आम्हाला स्वतःला फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगतो. चार घरांच्या ओळी सहा आहेत. त्या सहांची मिळून बेरीज ६ गुणिले ३८, म्हणजे २२८. आता या सहा ओळींत कोणती घरे येतात ते बोट ठेवून मोजा. कडेचे प्रत्येक घर दोनदा येते. आतले प्रत्येक घर दोनदा येते. कोपरे एकदाही येत नाहीत आणि राणीही येत नाही. म्हणजे कडेची सहा आणि आतली सहा मिळून २२८ च्या निम्मे, ११४. सगळ्या पटाचे १९०. त्यातून ११४ गेले, उरले ७६. हे ७६ कोणाचे? सहा कोपरे आणि राणी यांचे. आकडे कसेही बसोत, सहा कोपरे आणि राणी यांची बेरीज ७६ च असली पाहिजे.

तेवढ्यावरच थांबू नका. पाच घरांच्या ओळी तीन, त्यांची बेरीज ११४. त्यांत सहा कोपरे एकेकदा, आतली सहा एकेकदा आणि राणी तीनदा. त्यातून कोपरे आणि एक राणी यांचे ७६ काढा. उरले ३८. म्हणजे आतली सहा घरे आणि राणीची दुप्पट मिळून ३८. आतल्या सहांत अगदी लहानात लहान आकडे, १ ते ६, घातले तरी २१ होतात. मग राणीच्या दुपटीला जास्तीत जास्त १७ उरतात. म्हणून राणीच्या घरात ८ पेक्षा मोठा आकडा कधीच येणार नाही. ॲडम्स यांच्या फरशा किती वेळा मध्ये १५ किंवा १९ घेऊन बसल्या असतील, कोण जाणे.

आता या अंकाचे कोडे. पाच आकडे आम्ही भरून देतो, बाकीचे चौदा तुम्ही भरायचे.

      १०   –   १६
    –   –   –   –
  –   –   ५   –   ३
    –   –   –   –
      ९   –   –

म्हणजे क १०, ग १६, त ३, प ९ आणि राणीच्या घरात ५. या चिठ्ठ्या हलवायच्या नाहीत.

सुरुवात आम्ही करून देतो. क-ख-ग ओळीत १० आणि १६ आहेत, मिळून २६. ख मध्ये १२. ग-ज-त ओळीत १६ आणि ३, मिळून १९. ज मध्येही १९. इतके कोणीही करील.

आता त-न-ब ही ओळ. ३ ला ३५ हवेत, आणि ३५ च्या दोनच जोड्या आहेत हे वर पाहिले. १६ आणि १९ खर्ची पडले. राहिले १७ आणि १८. पण ब मध्ये कोण आणि न मध्ये कोण? इथे नाणे उडवायचे नाही. ब मध्ये १७ ठेवून बघा. मग प-फ-ब ओळीत ९ आणि १७, मिळून २६, आणि फ ला १२ लागतील. १२ तर ख मध्ये जाऊन बसले आहेत! म्हणून ब मध्ये १७ नाही, १८ आहेत. न मध्ये १७, आणि फ मध्ये ११. असे का नाही हे सांगता आले की तसे का आहे ते आपोआप सांगता येते. आकडा लावणारा आणि बसवणारा यांच्यातला फरक तो हाच.

ट चे घर अजून रिकामे आहे, आणि त्याच्या दोन्ही ओळींत दोन-दोन घरे रिकामी, म्हणून साधी वजाबाकी चालत नाही. इथे ते ७६ कामाला येतात. राणीचे ५ वजा केले की सहा कोपऱ्यांचे ७१. पाच कोपरे कळले आहेत. १०, १६, ३, १८ आणि ९, मिळून ५६. म्हणून ट मध्ये १५. मग घ मध्ये १३ आणि थ मध्ये १४. बाहेरच्या बाराही सोंगट्या बसल्या.

उरली आतली सहा घरे आणि उरलेले आकडेही सहाच. १, २, ४, ६, ७, ८. यांची बेरीज करून बघा, २८ येते. राणीची दुप्पट १० धरली की ३८. म्हणजे इथवर चुकलेले नाही. पुढचे आम्ही सांगणार नाही, फक्त दार दाखवतो. घ-च-छ-ज ओळीत १३ आणि १९ मिळून ३२ झाले, तेव्हा च आणि छ यांना मिळून ६ च उरतात. उरलेल्या सहा आकड्यांपैकी ६ ची बेरीज देणारी जोडी एकच आहे. तिच्यातला कोणता आकडा च मध्ये आणि कोणता छ मध्ये, हे ख-छ-ढ-न ही ओळ सांगेल. मग बाकीचे एकामागून एक पडत जातात.

आमच्या मुलाचे गणित कच्चे आहे, असे म्हणणाऱ्या पालकांसाठी दोन शब्द. वरच्या सबंध उकलीत ३८ मधून वजाबाकी यापलीकडे काय लागले? पाढे लागले नाहीत, सूत्र पाठ करावे लागले नाही. महिन्याचा किराणा हातात आहे त्या पैशांत बसवणारी आई याहून अवघड हिशेब रोज करते, आणि तिला कोणी गणिती म्हणत नाही. मुलाला कच्चा म्हणण्याआधी त्याला पटावर बसवा, आणि वडीलधाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. मुलगी विचार करीत असताना तिच्या हातातली चिठ्ठी ओढून घेऊ नये. घरात सर्वांत लहान असेल त्याला पंधरा ओळींच्या बेरजा तपासण्याचे काम द्या. पंच तो. मोठ्यांची चूक पकडण्यासारखा दुसरा आनंद त्या वयात नसतो.

कोणी विचारील, एकोणीसच घरे का, कमीजास्त का नाहीत? कमी करून बघा. राणी आणि तिच्याभोवतीचे सहा, अशी सातच घरे घेतली, १ ते ७ आकडे घेतले. बाहेरच्या प्रत्येक बाजूला दोनच घरे येतात. पहिले आणि दुसरे यांची जी बेरीज, तीच दुसरे आणि तिसरे यांची हवी. मग पहिले आणि तिसरे सारखेच झाले, आणि आकडा तर एकदाच वापरायचा आहे. संपला खेळ. वाढवून बघायचे तर बाहेर आणखी एक फेर घाला. सदतीस घरे, बेरीज ७०३, ओळी सात. सातने भाग जात नाही, तीन उरतात. त्याच्या पुढचा फेर, एकसष्ट घरे, बेरीज १८९१, ओळी नऊ. एक उरतो. पुढे कितीही फेर घाला, १ पासून सुरू होणाऱ्या आकड्यांनी बेरीज कुठेच जमत नाही. चौकोनाचे तसे नाही. तीन बाय तीनच्या पुढे प्रत्येक मापाचा जादूचा चौकोन करता येतो. षट्कोनात मात्र आपल्या कॅरमच्या डावाएवढाच एक.

आणि त्या एकातही मांडणी एकच! गार्डनर यांनी ॲडम्स यांची आकृती चार्ल्स ट्रिग या गणितज्ञांकडे पाठविली. त्यांनी हाताने, कागद-पेन्सिलीने, सर्व शक्यता तपासून दाखवून दिले की दुसरे उत्तरच नाही. १९६४ साली ते प्रसिद्ध झाले. १९६९ साली टोरांटो विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या फ्रँक अलेअर या विद्यार्थ्याने संगणकाकडून हेच तपासून घेतले, आणि यंत्राला त्यासाठी १७ सेकंद लागले. वर आम्ही बारा मांडण्या बरोबर म्हटले, त्या सगळ्या या एकीचीच रूपे आहेत. पट सहा प्रकारे फिरवता येतो आणि आरशात धरून आणखी सहा.

म्हणूनच ज्यांचे वरचे कोडे सुटेल त्यांच्यासाठी आणखी एक देतो. यात दोनच आकडे भरलेले आहेत. क मध्ये ३, ट मध्ये १८. बाकी सतरा घरे कोरी.

      ३   –   –
    –   –   –   –
  १८   –   –   –   –
    –   –   –   –
      –   –   –

घाबरू नका. पहिल्या कोड्याचे पूर्ण उत्तर पातळ कागदावर उतरवून समोर ठेवा. तो कागद नुसता फिरवून काम होणार नाही. ३ कोपऱ्यावर आणलात तरी १८ पलीकडच्या बाजूला जाईल. कागद दिव्यासमोर धरा आणि पाठीमागून वाचा. दोन्ही कोड्यांची उत्तरे पुढील अंकी.